वस्तू राहते कुठे? वऱ्हाडातले संग्रह, यात्रा आणि प्रदर्शने

अचलपूर तालुक्यात चम्मक नावाचे गाव आहे. १८६८ च्या सुमारास तिथे एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षातला, म्हणजे पाचव्या शतकातला हा लेख. त्यात गावाचे नाव ‘चर्मांक’ असे येते. गाव मधुनदीच्या काठी आणि भोजकट राज्यात आहे, असा पत्ताही येतो. राजमानाने आठ हजार भूमी एवढे हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे लेख सांगतो. प्रत्यक्षात नावे नोंदवतो ती एकोणपन्नास. पुढे दानपत्रात सहसा न आढळणारी एक अट आहे. दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये; तोवरच दान चालेल. राजा गाव देतो आहे आणि देताना सावधही आहे.

१८८८ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी गुप्तकालीन लेखांच्या खंडात हा ताम्रपट छापला. १९६३ मध्ये महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या वाकाटक लेखांच्या खंडात तो पुन्हा आला. मिराशी अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि वाकाटकांवर त्यांनी मराठीतही ग्रंथ लिहिला. अभ्यासकांनी आपले काम चोख केले, यात शंका नाही. तरीही चम्मकच्या शाळेतल्या मुलाला आपल्या गावाचे दीड हजार वर्षांपूर्वीचे नाव कळायचे असेल, तर त्याला ग्रंथालयाची वाट धरावी लागते. गावाचा सर्वांत जुना कागद म्हणावा असा दस्तऐवज गावात सापडला, आणि गावाबाहेर गेला.

वऱ्हाडात जे सापडले ते राहिले कुठे, जे इथेच टिकले ते कशामुळे टिकले, आणि दरवर्षीच्या यात्रा-उत्सव-प्रदर्शनांचा या टिकण्याशी काय संबंध आहे, हे तीन प्रश्न या लेखात एकत्र घेतले आहेत. उदाहरणे मुख्यतः अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली आहेत. कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यात मोडते. पण १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते, म्हणून त्याचाही समावेश केला आहे.

नागपूरची वाट

संग्रहालय आपोआप उभे राहत नाही. त्याला एक तर हौशी राजा लागतो, नाही तर जन्मभर गोळा करत राहणारा माणूस, नाही तर सरकार. बडोद्याचे संग्रहालय सयाजीरावांनी १८९४ मध्ये उभे केले. औंधचे संग्रहालय भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे जमवत एक आयुष्य घालवले. वऱ्हाडाच्या वाट्याला राजा आला तो नेहमी दूरचा. इमादशाहीचा अचलपुरातला काळ सोडला तर इथला धनी बाहेरच बसलेला होता. निजाम हैदराबादला, १८५३ च्या तहानंतर कारभार इंग्रजांकडे, पण तोही हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेल्यावर राजधानी नागपूर.

नागपूरला तोवर संग्रहालय होतेच. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६३ मध्ये ते सुरू केले, आणि लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ म्हटले. १८६५ च्या डिसेंबरात टेंपल यांनीच नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरवले. संग्रहालय आणि प्रदर्शन ही दोन्ही रूपे आपल्याकडे अशी जोडीने आली. दुसऱ्या बाजूने कायदाही आला. १८७८ च्या निखातनिधी कायद्याने जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू कलेक्टरला कळवणे बंधनकारक केले. गावात नांगराला मूर्ती लागली की तिचा प्रवास ठरलेला: पाटील, तहसील, जिल्हा, आणि मग प्रांताचे संग्रहालय.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुमूर्ती अशाच नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. भारतीय धातुशिल्पाच्या अभ्यासात या गावाचे नाव येते ते या मूर्तींमुळेच. वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर तर पुराणातली विदर्भाची राजधानी, रुक्मिणीचे माहेर. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. दीक्षित हे प्राचीन मणी आणि काच यांचे नाणावलेले जाणकार; हातात आलेल्या मण्यावरून व्यापाराचा माग काढण्याची त्यांची ख्याती होती. कौंडण्यपूरला आजही कार्तिकात यात्रा भरते, आषाढी वारीसाठी पालखी पंढरपूरला निघते. भाविक रुक्मिणीच्या पायरीला डोके टेकवतो, पण पायाखालच्या पांढरीत काय निघाले होते हे त्याला तिथे कोणी सांगत नाही.

हे तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. नागपूरचे संग्रहालय नसते तर यातले बरेच काही भंगारात आणि सोनाराच्या मुशीत गेले असते. वस्तू वाचली, हे खरेच. हरवला तो तिचा शेजार. मूर्ती कोणत्या शेतात, कोणत्या दिशेला तोंड करून, कशाच्या सोबत निघाली, गावातले कोण काय म्हणत होते, हे सारे वस्तूच्या पाटीवर मावत नाही. पाटीवर उरते गावाचे नाव आणि शतक.

कारंजा आणि रिद्धपूर

आता जे इथेच राहिले त्याकडे पाहू.

कारंजा लाड हे जुन्या व्यापाराचे गाव. दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे आणि भट्टारकांच्या गाद्या इथे होत्या, आणि प्रत्येकीचा स्वतःचा पोथ्यांचा भांडार होता. या भांडारांत अपभ्रंश भाषेतली काव्ये शतकानुशतके कापडात बांधून ठेवलेली होती. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधला दुवा. मराठी कशी घडली हे समजण्यासाठी त्याचे मोल मोठे आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातले फारच थोडे छापून आले होते.

१९२३ मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तिथे संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आलेले हिरालाल जैन कारंजाच्या भांडारांपर्यंत पोहोचले. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुरात छापली गेली (हे हिरालाल वेगळे), आणि कारंजाचे धन विद्वानांच्या नजरेत आले. मग कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी संपादून १९३१ मध्ये, ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैनांनी १९३३ मध्ये आणि कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये. दहाव्या-अकराव्या शतकातले हे कवी वऱ्हाडातल्या एका गावाचे नाव मुखपृष्ठावर घेऊन जगभरच्या विद्यापीठांत गेले.

त्यानंतरचे काम याहून मोठे. दिगंबर जैनांचा आद्य सिद्धांतग्रंथ ‘षट्खंडागम’ आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंद होती. दर्शन घेता येई, वाचता येत नसे. तिच्या नकला हळूहळू बाहेर आल्या. त्यांतल्या अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती पाठ जुळवायला घेऊन हिरालाल जैनांनी पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध केला. पुढे सोळा खंडांचे हे काम १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कारंजाच्या पोथ्या टिकल्या त्या वस्तू म्हणून जपल्यामुळे नव्हे. त्यांना काम होते. चातुर्मासात पोथी निघे, वाचली जाई, झिजली की तिची नक्कल होई, नक्कल करवून मंदिराला देणे हे पुण्याचे मानले जाई. श्रुतपंचमीला पोथ्यांची पूजा करण्याची प्रथा जैनांमध्ये आहेच. ती पूजा म्हणजे दरवर्षीची झाडपूसही असते. भांडाराला कुलूप होते, पण कुलपाची किल्ली वापरात होती.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची कथा याच जातीची आहे. गोविंदप्रभूंचे हे गाव. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते इथे, १२७८ च्या सुमारास. मूळ प्रत पुढे धाडीत नष्ट झाली असे परंपरा सांगते, आणि ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो पाठ असणाऱ्यांच्या तोंडून. म्हणूनच त्याच्या वेगवेगळ्या पाठांचा प्रश्न अभ्यासकांना सोडवावा लागला. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली. मधली सातशे वर्षे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, सांकेतिक अक्षरांत लिहून जपले. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांनी विसाव्या शतकात महंतांचा विश्वास मिळवला, तेव्हा ते सर्वांसाठी उघडले.

रिद्धपूरच्या परंपरेतला आणखी एक ग्रंथ आपल्या विषयाला थेट भिडतो. चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या जागांची ती यादी आहे. देऊळ कोणत्या मुखाचे, त्याच्या कोणत्या अंगाला कोणते दुसरे देऊळ, पटांगण कुठे, ओटा कुठे, हे दिशा धरून सांगितलेले. भाविकाला नमस्कार नेमका कुठे करायचा हे कळावे म्हणून लिहिलेली ही पोथी आज यादवकालीन महाराष्ट्राच्या वास्तूंचा शोध घेणाऱ्यांना नकाशासारखी उपयोगी पडते. संग्रहालयाची सूची कशी करावी याचा धडा मराठीत इतक्या आधी घालून दिलेला आहे. तिची प्रेरणा जतनाची नव्हती, जाण्याची होती. लोक त्या जागी जात राहिले म्हणून जागा आठवणीत राहिल्या. आता मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरलाच झाले आहे. स्थानपोथीचे काम पुढे नेण्याला याहून योग्य जागा नाही.

यावरून निष्कर्ष काढायचा तो असा: वस्तू जिथे तिचे काम चालू असते तिथे टिकते. काम संपले की ती दोन ठिकाणी जाते, संग्रहालयात किंवा भंगारात.

काम कोणाच्या हाती

या निष्कर्षाची दुसरी बाजू सोयीची नाही, म्हणून ती टाळून चालणार नाही. ज्यांच्याकडे काम होते त्यांनी वस्तू जपली. पण काम कोणाला करू दिले?

अमरावतीची अंबादेवी हे शहराचे ग्रामदैवत. नवरात्रातली यात्रा, कीर्तने, ओटीची रांग, हे शहराचे वर्षातले सर्वांत मोठे सांस्कृतिक संमेलन म्हणता येईल. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, विषय अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला, आणि नाशिकचा काळाराम अजून तीन वर्षे पुढे होता. मंदिराच्या पंचांच्या वतीने बोलणारे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे सहकारी आणि १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. दुसऱ्या बाजूला नुकतेच विलायतेहून परतलेले डॉ. पंजाबराव देशमुख प्रवेशाच्या बाजूने उभे होते. पंचांनी मुदत मागितली, सत्याग्रह लांबणीवर पडला, दार लगेच उघडले नाही.

हा प्रसंग इथे सांगण्याचे कारण असे. परंपरेच्या जागा वारसा जपतात हे खरे, पण दाराबाहेर उभ्या असलेल्याला त्या वारशाचा वाटा मिळत नाही. संग्रहालय नावाच्या सरकारी इमारतीचे एक मोठे श्रेय हे की तिकीट काढणाऱ्याला तिथे जात विचारली जात नाही. म्हणून ‘सारे परत गावात आणा’ ही मागणी सरसकट करता येत नाही. कोणत्या गावात, कोणाच्या ताब्यात, हे आधी विचारावे लागते. आणि बाहेर ठेवलेल्यांनी स्वतःच्या स्मरणाच्या जागा स्वतः निर्माण केल्या, हेही नोंदवावे लागते. १४ एप्रिल आणि अशोक विजयादशमीच्या मिरवणुका, वस्तीतली बुद्धविहारे, तिथली वाचनालये हीदेखील वऱ्हाडाची सांस्कृतिक ठेव आहे.

पंचांगातले संग्रहालय

इमारत नसलेल्या प्रदेशाने आपला संग्रह पंचांगात ठेवला आहे. वर्षभरात ठरलेल्या तिथीला ठरलेल्या वस्तू बाहेर निघतात, हाताळल्या जातात, पुन्हा ठेवल्या जातात.

अकोल्याचा कावड-पालखी उत्सव घ्या. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी शिवभक्त गांधीग्रामला जातात, पूर्णेचे पाणी भरण्यांत घेतात आणि सोळा-अठरा किलोमीटर पायी चालत राजराजेश्वराला आणून वाहतात. १९४४ च्या अवर्षणात काही तरुणांनी ही वाट पहिल्यांदा धरली, अशी त्याची जन्मकथा अकोल्यात सांगतात. पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमिनीखालचे पाणी इतके खारे की विहीर खोदूनही तहान भागत नाही. अशा मुलखात पाणी खांद्यावर वाहून आणणे ही केवळ धार्मिक कृती राहत नाही. रोजच्या कष्टाचे ते वर्षातून एकदा केलेले मोठे रूप आहे. भरणी घासूनपुसून काढणे, बांबूला दोऱ्या बांधणे, शेकडो भरण्यांची कावड तोल सांभाळून वाहणे, हे कसब मंडळांच्या आखाड्यांत थोरल्यांकडून धाकट्यांकडे जाते. भरणे काचेमागे ठेवले तर तो एक लोटा. खांद्यावर असते तेव्हा त्यात अवर्षण, नदी आणि खारे पाणी असते.

चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरच्या विसाच्या आसपास सुरू होऊन ती जानेवारीअखेरपर्यंत चालते. भैरवाच्या मूर्तीवर लोणी-शेंदराचे थर चढत जातात, राहुट्या पडतात, मातीच्या हंड्यांत भाज्या आणि मटण शिजते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे भाजले जातात. गाडगेबाबांनी पशुबळीविरुद्ध लोकांना जागे केले ते अशाच यात्रांतून. कुंभाराच्या हंडीला आज वर्षभरात खरे गिऱ्हाईक मिळते ते या दीड महिन्यात. हंडी घडवण्याची कला टिकवायची तर कुंभाराला प्रमाणपत्र देण्यापेक्षा बहिरमची चूल पेटती राहणे अधिक कामाचे आहे.

गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव अश्विन वद्य पंचमीला असतो. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चे. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहतो. पुतळा नाही, मिरवणूक नाही, भाषण नाही. जमलेल्या माणसांचे मौन हेच स्मारक. आणि महाराजांची खंजिरी? ती गावोगावच्या भजनी मंडळांत आहे. वऱ्हाडात खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, त्यांत शाळेतल्या मुलीही असतात, आणि तिथे ते वाद्य वाजताना ऐकू येते.

घरातलेही एक प्रदर्शन असते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी मांडतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातला खाऊ आवाजावरून ओळखतात. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. सावकार, पाऊस, सरकार कोणीही त्यांतून सुटत नाही. भुलाबाईची गाणी आणि झडत्या हे वऱ्हाडी बोलीचे मोठे भांडार. त्याला कुलूपही नाही आणि सूचीही नाही.

प्रदर्शन नावाची गोष्ट

वऱ्हाडाने इमारत बांधली नाही याचा अर्थ संस्था बांधल्या नाहीत असा नाही. १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९२३ मध्ये विदर्भ साहित्य संघ अमरावतीतच जन्मला आणि पुढे नागपूरला गेला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबरावांची श्री शिवाजी शिक्षण संस्था आली. लोकांनी पैसा आणि उमेद आखाडा, शाळा आणि वसतिगृह यांत घातली. जुने जपण्यापेक्षा नवा माणूस घडवणे त्यांना तातडीचे वाटले. त्या काळात ते योग्यच होते.

पंजाबरावांना प्रदर्शनाचे बळ ठाऊक होते. केंद्रात कृषी खाते सांभाळताना त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापला, आणि त्या संस्थेने १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. उद्घाटनाच्या सोहळ्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. पापळसारख्या खेड्यात जन्मलेल्या माणसाने शेतकऱ्याला जगापुढे उभे केले. आज त्यांच्या नावाने अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे (स्थापना १९६९), आणि २७ डिसेंबर या त्यांच्या जयंतीला तिथे तीन दिवसांचे कृषी प्रदर्शन भरते. त्याआधी पावसाळा सरताना शिवारफेरी होते. शेतकरी विद्यापीठाच्या शेतांतून चालत जातात, उभी पिके पाहतात, बांधावरच शास्त्रज्ञांशी हुज्जत घालतात. इथे माणूस वस्तूपाशी नुसता थांबत नाही, तिला प्रश्न विचारतो.

या प्रदर्शनात नवे वाण असते, यंत्र असते, फवारा असतो. त्याच मांडवात एक दालन तिफण, वखर, डवरा, सरते, मोट, दमणी, रेंगी यांना मिळाले तर? तिफणीची तीन फणे कशी काम करतात, सरत्यातून बी सोडणाऱ्या बाईचा हात कोणत्या लयीत चालतो, हे करून दाखवणारी माणसे अजून गावांत आहेत. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती नसतील.

काम थांबते तेव्हा

काम थांबले की काय होते याचे उदाहरण मूर्तिजापूरला उभे आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे किलिक निक्सन कंपनीने कापूस वाहण्यासाठी बांधली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिने १५ एप्रिल १९९४ पर्यंत वापरले. त्यानंतर डिझेल आले. गेली काही वर्षे गाडी बंद आहे. लोकांनी तिच्यासाठी आंदोलने केली, निवेदने दिली. गोरगरिबांचे तिकीट आणि शेतकऱ्याची वाट म्हणून त्यांना ती हवी आहे. वारसा हा शब्द नंतर आला. त्यांचे म्हणणे ऐकले तर वारसाही वाचतो, कारण चालणारी गाडी स्वतःला सांभाळते. रूळ मात्र उभ्या गवतात फार काळ टिकत नाहीत.

मेळघाटातले उदाहरण उलट्या दिशेचे आहे. कोरकू समाजात मृताच्या स्मरणार्थ सागवानी फळी कोरतात. तिला मुंडा म्हणतात. सूर्य, चंद्र, घोडेस्वार अशा आकृती त्यावर असतात. सिडोलीचा विधी करून तो ठरलेल्या जागी उभारला की मृतात्मा पूर्वजांत सामील झाला असे मानतात. कलासंग्राहकाला तो उत्तम काष्ठशिल्प वाटतो, आणि तो आहेही. पण तिथून उचलला तर एका घराचा पूर्वज उचलला जातो. अशी वस्तू वाचवायची म्हणजे जागेवरच राहू द्यायची, आणि कोरणाऱ्या हातांना पुढचे काम मिळेल असे पाहायचे.

तीन साध्या गोष्टी

१९७१ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज-आँरी रिव्हिएर आणि युग द वरीन यांनी ‘इकोम्यूझियम’ ही कल्पना मांडली. इमारतीऐवजी प्रदेश, संग्रहाऐवजी तिथला वारसा, प्रेक्षकांऐवजी तिथले रहिवासी, असे तिचे सूत्र. क्रूझो या कारखान्यांच्या गावात ती प्रत्यक्षात आली. वऱ्हाडाच्या पंचांगाला हे सूत्र परके वाटणार नाही. फक्त त्याला तीन गोष्टींची जोड लागेल.

पहिली गोष्ट, बाहेर गेलेल्या वस्तूची प्रतिकृती आणि तिचे मराठी वाचन मूळ गावी असावे. मूळ ताम्रपट जिथे आहे तिथे सुरक्षित राहो. चम्मकच्या शाळेच्या भिंतीवर त्याचा ठसा आणि शेजारी सोप्या मराठीत अर्थ लावायला सुताराची दोन दिवसांची मजुरी लागते. राजनापूर खिनखिनीला तिथल्या मूर्तींची छायाचित्रे, कौंडण्यपूरला यात्रेच्या दिवसांत उत्खननाचा एक मांडव.

दुसरी, गावाची स्थानपोथी. चौदाव्या शतकात जे जमले ते आज न जमण्याचे कारण नाही. कोणता वीरगळ कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून, कोणाच्या बांधावर. कोणती विहीर कोणी बांधली आणि पूर्वी तिथे कोणाला पाणी भरू दिले जात नसे. झडत्या कोणाला येतात, भुलाबाईची गाणी कोणत्या आजीला पाठ आहेत. वही शाळेत राहावी, दरवर्षी एका वर्गाने तिच्यात भर घालावी. अशी नोंद झाली की चोरीला गेलेल्या मूर्तीची तक्रारही पुराव्यानिशी करता येते.

तिसरी, जिथे गर्दी आहे तिथे प्रदर्शन जावे. लोक संग्रहालयात येत नाहीत अशी खंत करण्यापेक्षा बहिरमच्या राहुट्यांत, अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात, मोझरीच्या महोत्सवात, नवरात्रात अंबादेवीच्या रस्त्यावर दहा फुटांचा एक मांडव उभा करता येतो. आणि त्या मांडवात कोणाच्या वस्तू असतील हे ठरवणाऱ्या पाच जणांत ज्यांच्या आजोबांना त्या देवळात पाऊल टाकता आले नव्हते असा एक माणूस असायला हवा.

यंदाचा बहिरम दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी सुरू होईल, पंजाबरावांची जयंती त्यातच येईल. पहिल्या वहीची पहिली पाने भरायला तेवढे दिवस पुरतात.